मोटारीच्या खोलीत हॅम आणि बटाटे

आमच्याकडं डुकराचं मटण शिजणार, असं मला काही वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला आधी चहा पाजला असता आणि मग विचारलं असतं, बाबा रे, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? तसं बघायला गेलं तर घरात ते शिजलं नाहीच. ते शिजलं विहिरीवर, मोटारीच्या खोलीत, स्टार्टरच्या पेटीशेजारी, खताच्या रिकाम्या गोण्यांवर ठेवलेल्या एका पांढऱ्या भांड्यात. तो दिवस आठवला की मला अजून बरं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

आमची वस्ती मांडवगण फराट्याच्या शिवारात, गावापासून जरा लांब, मळ्यात. घरात मी, आमचे हे, मुलगा, सून आणि माझे सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. घरचे म्हणतातच, पण एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवर मोटारी असलेल्या सगळ्या शेजाऱ्यांचेही ते आबाच. ऐंशी ओलांडली आहे, पण बांधावरून हाक मारली की पलीकडच्या रानातला माणूस हातातलं खुरपं टाकून बघतो. रानात जाताना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी उपरण्यात बांधून न्यायची, ही त्यांची जन्माची सवय. मी स्टीलचे डबे आणून दिले, प्लॅस्टिकचे आणून दिले, सगळे फळीवर पडून राहिले.

आबांचा घरात एक नियम आहे. स्वयंपाकघरात वशाट शिजायचं नाही. मटण, कोंबडी, नदीचे मासे, जे काय असेल ते गोठ्यामागच्या तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. ती पातेली घरात येत नाहीत, गोठ्यातच खुंटीला असतात. खायचं मात्र सगळ्यांनी, आणि सगळ्यात जास्त आबांनी. म्हणजे नियम खाण्याचा नाही, जागेचा आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. आता मीच सुनेला तोंड वर करून तो नियम सांगते. पण डुकराचं तर नावही काढायची सोय नव्हती. एक तर भावकी काय म्हणेल हा प्रश्न, आणि त्यात उसात रानडुकरं शिरून इतकी नासधूस करतात, की तो शब्दच आमच्याकडं शिवीच्या जागी वापरतात.

सून दौंडची, ख्रिस्ती घरातली. वडील रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर झालेत. ती आणि मुलगा रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात शेजारी शेजारी बसायचे, आणि पुढं जे व्हायचं ते झालं. मला पोरगी पहिल्याच भेटीत आवडली होती. पण मुलाची आई म्हणून थोडे दिवस तोंड वाकडं ठेवावं लागतं, तेवढं मी ठेवलं.

घोळ झाला तो साखरपुड्यात. कार्यक्रम दौंडला त्यांच्या घरी होता. पोरीची आई आधीच गेलेली, त्यामुळे सगळं वडिलांनी आणि शेजारणींनी मिळून केलं होतं. आमच्या लोकांना चालावं म्हणून मुद्दाम साधं जेवण होतं, चपाती, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं आणि वर श्रीखंड. अंडंसुद्धा नव्हतं कशात. पंगत बसली, आणि आबा उठले. बाहेर गेले, आमच्या जीपच्या सावलीत बसले आणि उपरण्याची गाठ सोडून आपली भाकरी खायला लागले. व्याही वाढलेलं ताट हातात घेऊन दारात उभे होते. त्यांनी ते पाहिलं, ताट घेऊन तसेच आत वळले. मला तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लग्न चौफुल्याच्या कार्यालयात झालं. तिथं कुणी कुणाच्या घरी नव्हतं, त्यामुळे निभावलं. त्यानंतर व्याही आमच्याकडं यायचे, पण दारापर्यंत. लेकीला सोडायचे, उभ्या उभ्या पाणी प्यायचे, आणि मी चहाचं आधण ठेवायच्या आत म्हणायचे, "विहीणबाई, निघतो, गाडी चुकेल." रिटायर झालेल्या गार्डाची कुठली गाडी चुकणार होती? पण मी काय बोलणार? आबांनी तेव्हा जे केलं त्याचीच ही परतफेड होती, आणि ती इतकी सभ्य होती की भांडायलाही जागा नव्हती.

असं वर्ष गेलं. मग नाताळ आला. सुनेनं बापाला फोन केला आणि गळ घातली, की नाताळाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं या, दिवसभर राहा. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली आणि कपबशा विसळायला लागली. विसळलेल्याच कपबशा पुन्हा विसळत होती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"येतो म्हणाले. पण जेवणाचं करू नका म्हणाले. स्वतःचा डबा आणणार आहेत."

डबा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं ते उपरणंच आलं. सून पाठमोरीच राहिली आणि म्हणाली, "आई, ते आपल्या घरात बसून स्वतःचा डबा उघडणार. मग मी कुठल्या घरची हो?"

हे मला फार लागलं. मी तिला कधी परकं मानलं नव्हतं, पण बापानं लेकीच्या घरचा घास नाकारला तर त्या लेकीला ते घर आपलं कसं वाटावं? मी तिच्या हातातली कपबशी काढून घेतली आणि म्हणाले, "तुझ्या पप्पांना काय आवडतं ते सांग. तेच करू."

तिची आई दर नाताळाला एकच पदार्थ करायची. रेल्वे कॉलनीत शेजारी एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरची बायको राहायची, तिनं शिकवलेला. हॅमचे तुकडे, बटाटे, कांदा, आणि वरून दूध, लोणी, साय, चीज घालून केलेलं दाट पांढरं कालवण, सगळं एकत्र मऊ होईपर्यंत शिजवायचं. आई गेल्यापासून घरात ते कुणी केलं नव्हतं. "ते समोर आलं तर पप्पा डबा उघडणार नाहीत," सून म्हणाली. मी विचारलं, हॅम म्हणजे काय? तिनं सांगितलं. मी आधी खाली बसले.

बसून विचार करण्यापेक्षा आबांकडं गेलेलं बरं, असा माझा स्वभाव. आबा अंगणात बाजेवर होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ते आधी ऐकू न आल्यासारखं करून बसले. मग म्हणाले, "उसात डुकरं कमी हायेत व्हय? आता ताटात आनताय? घरात न्हाई शिजायचं. आन् गोठ्यामागं बी न्हाई. ती चूल बकऱ्याची हाय."

सून माझ्यामागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "आबा, चूल लागत नाही. प्लग लागतो." आणि तिनं पलंगाखालचं खोकं ओढून आणलं. तिची मावशी इंग्लंडात नर्स आहे, तिनं लग्नात दिलेलं भांडं. स्लो कुकर म्हणतात त्याला. आत चिनी मातीचं जाड भांडं, बाहेर विजेची शेगडी, वर काचेचं झाकण. आबांनी ते भांडं गिऱ्हाईक बैलाला बघतं तसं चारी बाजूंनी पाहिलं.

"किती येळ लागतो ह्याला?"

"मंद ठेवलं तर आठ तास, आबा."

"आठ तास! आठ तासांत माझं अर्धं रान भिजतंय."

आणि तिथंच मला सुचलं. आमच्याकडं शेतीची लाईट आठ तास असते, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. त्या आठवड्यात दिवसाची होती. मोटारीच्या खोलीत बोर्ड आहे, प्लग आहे, आणि विहीर काही घर नव्हे. मी हे बोलून दाखवलं. आबांना माझ्या बोलण्यात खोट काढायची होती, पण सापडेना. शेवटी कुशीवर वळत म्हणाले, "हिरीवर काय करायचं ते करा." त्या दिवशी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी संध्याकाळी ह्यांना तीनदा तीच गोष्ट सांगितली.

मुलानं पुण्याच्या कॅम्पातून हॅम आणलं, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून. फ्रिज स्वयंपाकघरात, म्हणून फ्रिज बाद. खोकं रात्रभर मोटारीच्या खोलीत, बाहेरून कुलूप लावून, कारण आमच्या कुत्र्याला नियमबियम काही नाहीत. त्या इंग्लंडच्या भांड्याची पिन आमच्या प्लगात बसेना. मुलगा शिरूरला जाऊन तिला लागणारा ॲडॉप्टर घेऊन आला.

सकाळी लाईट आली तशी आम्ही दोघी विहिरीवर गेलो. पाटावर बसून तिनं बटाट्याच्या जाड फोडी केल्या, कांदा चिरला. मग हॅम उघडलं. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर निघेल. निघाली आपली अंगाच्या साबणासारखी गुलाबी वडी. ते आधीच शिजवलेलं असतं म्हणे, धुराचा वासही होता त्याला. तिनं त्याचे चौकोनी तुकडे केले, भांड्यात बटाटा, कांदा, हॅम असे थर लावले, मिरपूड टाकली, थोडं लोणी, थोडं पाणी, आणि झाकण घालून बटण फिरवलं.

"आणि दूध?" मी विचारलं.

"ते शेवटच्या तासाला, आई. आत्ता घातलं तर फाटेल."

साय मी देणार होते. आमच्या घरात सायीला मी कुणाला हात लावू देत नाही. आठवडाभर साठवायची, विरजायची, लोणी काढायचं, तूप कढवायचं, हा सगळा माझा कारभार. पण तिला साठवलेली आंबूस साय चालणार नव्हती, ताजी हवी होती. मी त्या दिवसाच्या दुधाची अख्खी साय वाटीत काढून तिच्यापुढं ठेवली. ती माझ्याकडं बघतच राहिली. "बघतेस काय, झाकून ठेव," मी म्हणाले.

तिनं एकच बजावलं होतं, की झाकण उघडायचं नाही. उघडलं की आतली वाफ जाते आणि पुन्हा तापायला वेळ लागतो. हे सांगायला सोपं. आमच्याकडं शेजारीण आली की आधी चुलीवरचं झाकण उचलते आणि मग "काय चाललंय?" म्हणते. झाकण न उचलता परत गेली, तर समजायचं बाईचं काहीतरी बिनसलंय. शेजारची जाऊबाई आली, तिनं झाकण उचललं. पलीकडचा पुतण्या मोटार बघायला आला, त्यानं उचललं. आमचे हे उसाच्या ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर निघाले होते, ते जाता जाता वाकडी वाट करून आले आणि त्यांनीही उचललं. आणि मी? मी किती वेळा उचललं ते सांगणार नाही. पण त्यात माझा काय दोष? भांडं आवाजच करेना. ज्याला शिट्टी नाही अशा भांड्यावर विश्वास तरी कसा ठेवायचा?

शिवाय मला तो फिकट रंग बघवत नव्हता. कालवण म्हटलं की त्याला काही रंगरूप नको? मी घरी जाऊन चिमूटभर हळद आणि दोन हिरव्या मिरच्या मुठीत घेऊन आले. सून दारातच उभी.

"आई, हातात काय आहे?"

"कुठं काय?"

तिनं माझी मूठ धरली आणि एकेक बोट उघडलं. तळहात पिवळाधमक. आम्ही दोघी इतक्या हसलो की विहिरीवरची कबुतरं उडाली. त्या मिरच्या मग मी दुपारी तोंडी लावायला ठेवल्या.

हसू टिकलं ते दुपार होईपर्यंत. मुलगा व्याह्यांना आणायला दौंडला गेला होता. त्याचा फोन आला, की दौंडला पोचलो, दोन-अडीच तासांत पप्पांना घेऊन येतो. सुनेनं सुरी घेऊन बटाट्याला टोचली, तर सुरी आत जाईना. बटाटा सकाळी होता तसाच टणक. भांड्याला हात लावला तर नुसतं कोमट. झाकणं उचलून उचलून आम्ही घात केला होता, पण तेवढंच नव्हतं. ती स्टार्टरच्या पेटीवरचा काटा बघायला लागली आणि तिचा चेहरा उतरला.

दिवसाची लाईट म्हणजे डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम चालू. कुणाचा गहू, कुणाचा कांदा, कुणाचा ऊस. सगळे एकाच वेळी ओढायला लागले की होल्टेज पार खाली येतं. मोटार कशीबशी पाणी फेकते, खोलीतला दिवा तांबडा दिसतो. हे आम्हाला रोजचं. पण त्या बिचाऱ्या इंग्लंडच्या भांड्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"आई, असंच राहिलं तर हे संध्याकाळपर्यंत शिजत नाही," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "उचल सगळं. कुकरात घाल आणि चल स्वयंपाकघरात. आबांना मी बघते."

"नको आई."

"नको काय? मी सांगते ना!"

"नको. पप्पा पहिल्यांदा जेवायच्या वेळेला येतायत, आणि त्यांच्या जेवणावरून घरात भांडण झालं असं नको व्हायला. उघडतील डबा, उघडू देत." असं म्हणून ती उंबऱ्यावर बसली. रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

काठीचा आवाज आला. आबा भिंतीच्या आड उभे होते. मोटार बघायला आले होते की आमचं बोलणं ऐकायला, ते मी कधी विचारलं नाही.

"काय शिजंना?" त्यांनी विचारलं.

"बटाटं," मी म्हणाले. "होल्टेज न्हाई."

आबा आत आले. आयुष्यात पहिल्यांदा त्या भांड्याच्या इतक्या जवळ. त्यांनी भांड्याकडं पाहिलं नाही, पेटीवरच्या काट्याकडं पाहिलं. मग हात लांब करून स्टार्टरचं तांबडं बटण दाबलं. आमची मोटार बंद पडली, पाइपातलं पाणी खळ्‌कन खाली गेलं. काटा जरासा हलला. आबांनी बंडीतून त्यांचा तो बटणांचा फोन काढला.

"हॅलो. आबा बोलतोय. मोटर बंद कर. आरं कांद्याला पानी चाललंय ते दिसतंय मला, आंधळा न्हाई मी. घटकाभर बंद ठिव. मी सांगंन तवा चालू कर."

एक फोन झाला, दुसरा झाला. काहीजण फोन उचलेनात, तर आबा काठी टेकत बांधानं निघाले. मी म्हणाले, आबा, उन्हाचं तुम्ही कुठं निघालात, मी जाते. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. आणि मग शिवारातल्या मोटारी एकेक करून गप्प व्हायला लागल्या. आधी जवळची, मग ओढ्याकडची, मग नदीच्या अंगाची. दिवसा लाईट असताना आमचं शिवार इतकं शांत मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. खोलीतला दिवा पांढरा झाला. काटा सरळ उभा राहिला. हाती असलेली लाईट सोडायची म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच कळतं. वाफ्यात पाणी अर्ध्यावर थांबलं होतं सगळ्यांचं.

ओढ्याकडचा शेजारी धावतच आला. "आबा, काय झालं? डीपी जळाली का?"

"जळली न्हाई," आबा मागून येत म्हणाले. दम लागला होता त्यांना. "पाव्हना येतोय माझा. त्याच्या ताटाचं शिजंना."

माझा पाव्हणा. वर्षभरात आबांनी व्याह्यांना कधी व्याहीसुद्धा म्हटलं नव्हतं, "ते दौंडवालं" म्हणायचे. सुनेनं मान वर केली. तो शेजारी तेवढ्यात खोलीत शिरला होता आणि, आमच्या रीतीप्रमाणं, त्यानं झाकणाला हात घातला होता.

"झाकन सोड!" आबांनी काठी उगारली. तो बिचारा चटका बसल्यासारखा मागं सरला.

सुनेनं बटण मंदवरून मोठ्यावर फिरवलं आणि भांड्याच्या कडेनं बुडबुडे यायला लागले. तासाभरानं बटाट्यात सुरी अलगद गेली. तिनं दुधात कालवलेला मैदा ओतला, माझी साय घातली, चीज किसून टाकलं, आणि पुन्हा झाकण लावलं. आता मी स्वतः दारात पहाऱ्याला बसले. वास यायला लागला, दुधाचा, मिऱ्याचा आणि त्या धुरकट हॅमचा. मला मान्य करायलाच हवं, की वास चांगला होता.

जेवण घरात होणार नव्हतं, कारण ते भांडं घरात जाणार नव्हतं. आबांनीच विहिरीशेजारच्या आंब्याखाली घोंगडी अंथरायला लावली. "समदी हितंच बसू," म्हणाले.

गाडी आली. व्याही उतरले, पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात कापडी पिशवी. पिशवीत डबा होता, त्याचा आकारच सांगत होता. उतरल्या उतरल्या त्यांनी कान टवकारले. रेल्वेतला माणूस, त्याला आवाजाची आणि आवाज नसण्याची सवय.

"इतकं शांत कसं? लाईट गेली का?"

"लाईट हाय," आबा म्हणाले. "मोटारी बंद हायेत. बसा."

व्याही घोंगडीवर बसले आणि त्यांनी पिशवीतून डबा काढून समोर ठेवला. रागानं नाही, साधेपणानं, ठरवून आलेला माणूस ठेवतो तसा. तेवढ्यात सून दोन्ही हातांनी ताट धरून आली. पांढरं दाट कालवण, त्यात बटाटे, गुलाबी तुकडे, वर मिरपूड. व्याह्यांनी ताट बघितलं आणि त्यांचा हात डब्याच्या झाकणावरच राहिला. लेकीकडं बघावं की ताटाकडं, हे त्यांना कळेना.

आबा त्यांच्यासमोर मांडी घालून बसले होते. ते म्हणाले, "त्यो डबा हिकडं द्या."

व्याह्यांना समजलं नाही. आबांनी हात पुढं करून डबा स्वतःच घेतला आणि उघडला. आत चपात्या होत्या, बटाट्याची सुकी भाजी, आणि कोपऱ्यात लिंबाच्या लोणच्याची फोड. मी ते बघितलं आणि लगेच ओळखलं. साखरपुड्याच्या ताटात हेच होतं.

आबांनी चपातीचा तुकडा मोडला, भाजी घेतली आणि तोंडात घातला. सावकाश चावला. मग म्हणाले, "तवाचं राहिलं हुतं. आज खातो. तुमी पोरीच्या हातचं खा."

व्याह्यांनी मान खाली घातली आणि ताटातला पहिला घास घेतला. बराच वेळ तो घास त्यांच्या तोंडातच होता. मग चष्मा पुसायच्या निमित्तानं त्यांनी डोळे पुसले आणि लेकीला म्हणाले, "मीठ कमी आहे."

सुनेचा चेहरा पडला.

"तुझ्या आईचंपण कमीच असायचं," ते म्हणाले, आणि ताट पुढं केलं. "वाढ अजून."

मग सून रडली, आणि मलाही बरं वाटलं. मी माझ्या ताटात थोडं घेतलं, माझ्या दोन मिरच्यांबरोबर. खरं सांगायचं तर त्याला एक लसणाची फोडणी असती तर बहार आली असती. पण ते मऊ होतं, गोडसर होतं, आणि माझ्या सायीची चव त्यात नीट लागत होती. मी दुसऱ्यांदा घेतलं. आबांनी त्या कालवणाला हात लावला नाही, आणि त्यांनी लावावा असं कुणाला वाटलंही नाही. त्यांनी डबा चाटूनपुसून संपवला, लोणच्याच्या फोडीसकट. हात धुऊन फोन काढला आणि म्हणाले, "हां, सोडा आता." शिवारभर मोटारी पुन्हा सुरू झाल्या आणि थांबलेलं पाणी वाफ्यांत पुढं निघालं.

संध्याकाळी व्याही निघाले तेव्हा त्यांनी दोनदा चहा घेतला होता आणि गाडी चुकण्याचं नाव काढलं नव्हतं. मी डबा घासून पुसून आणला. रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून त्यात घरचा गूळ भरत होते, तर ते म्हणाले, "विहीणबाई, गूळ कागदात बांधून द्या. डबा राहू दे इथंच. मला आता तो घेऊन कुठं यायचंय?"

स्लो कुकर आता मोटारीच्या खोलीतच असतो, फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी तो खाली उतरतो. शेतीची लाईट त्या आठवड्यात दिवसाची असली तर सकाळीच शेजाऱ्यांचे फोन येतात, आबा, मोटारी कधी बंद करायच्या?

आणि तो डबा माझ्या स्वयंपाकघरात आहे. म्हणजे रात्री असतो. सकाळी आबा रानात निघाले की त्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घालून द्यावी लागते. उपरण्यात बांधून दिली तर घेत नाहीत.